संस्थापकांच्या गोष्टी बाजूला ठेवून त्यांची कागदपत्रं वाचली

गॅरेज, विद्यापीठ अर्धवट सोडलेली दोन मुलं, एक भन्नाट कल्पना आणि मग गुंतवणूक मिळाली. इंटरनेट कंपन्यांच्या जन्मकथा साधारण याच चालीवर सांगितल्या जातात. ज्याच्याबरोबर नोकरी सोडून सॉफ्टवेअर कंपनी काढायचं माझ्या मनात घाटत होतं, त्या माझ्या भागीदाराला या गोष्टींचा भारी नाद. मला मात्र दर वेळी एकाच ठिकाणी अडायला व्हायचं. गुंतवणूक मिळाली म्हणजे नेमकं काय झालं? कोणी दिली, किती दिली, बदल्यात काय घेतलं, आणि तोवर संस्थापकांचं कसं भागलं? आम्ही दोघं ज्या टप्प्यावर उभे होतो, तिथे कल्पना तर होती. नेमका त्यापुढचाच भाग सगळे गाळतात.

उत्तरं सापडली ती सरकारी कागदांत. अमेरिकेत एखादी कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकायला काढते, तेव्हा तिला सिक्युरिटीज अँड एक्सचेंज कमिशन या बाजार नियामकाकडे एस-१ नावाचा दस्त दाखल करावा लागतो. त्यात खोटं लिहिलं किंवा महत्त्वाचं काही दडवलं तर संचालकांवर खटले होऊ शकतात, म्हणून त्यातलं प्रत्येक वाक्य वकिलांच्या नजरेखालून गेलेलं असतं. मुलाखतीत माणूस रंगवून सांगतो, इथे त्याचे हात बांधलेले असतात. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासूनचे हे दस्त एडगर नावाच्या सरकारी संग्रहात कोणालाही फुकट वाचता येतात. खातं काढावं लागत नाही, की परवानगी मागावी लागत नाही.

शोधायचं कसं, हे आधी समजून घ्यावं लागलं. एडगरमध्ये मजकुरातला शब्द टाकून शोधायची सोय २००१ पासूनच्या दस्तांनाच आहे, आणि मला हवे होते नव्वदच्या दशकातले. तिथे कंपनीचं नाव टाकायचं, तिचा नोंदणी क्रमांक मिळवायचा आणि तारखांच्या यादीत मागे मागे जात राहायचं. गूगलच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. २०१५ मध्ये अल्फाबेट ही पालक कंपनी आली, तिला वेगळा क्रमांक मिळाला आणि २००४ चे कागद जुन्या गूगलच्या क्रमांकाखालीच राहिले. ॲमेझॉनचा १९९७ चा दस्त साध्या टंकित मजकुरात आहे, तक्ते मोकळ्या जागा आणि रेघा मारून केलेले. मोबाइलवर उघडला तर आकडे एकमेकांत घुसतात. कंप्युटरवरच वाचावा.

असा दस्त पहिल्या पानापासून वाचू नये, असं माझं मत आहे. सुरुवातीला कंपनीचं गुणगान असतं, ते जाहिरातीपेक्षा थोडंच बरं. मी शेवटाकडून सुरुवात करते. संचालक, संस्थापक आणि त्यांच्या नातेवाइकांशी कंपनीचे कोणते व्यवहार झाले, याचं एक छोटं प्रकरण असतं. ते आधी. मग जोखमींची यादी. मग हिशेब. उरलं तर बाकीचं.

ॲमेझॉनच्या कागदांत या क्रमाचा पुरेपूर फायदा झाला. जेफ बेझोस यांनी जुलै १९९४ मध्ये कंपनी नोंदवली, तेव्हा तिचं नाव कॅडाब्रा होतं. सुरुवातीला स्वतःचे १०,००० डॉलर घातले आणि पुढच्या सोळा महिन्यांत ८४,००० डॉलर बिनव्याजी कर्ज म्हणून दिले. १९९५ मध्ये त्यांच्या आईवडिलांनी २,४५,५७३ डॉलर गुंतवले. त्यानंतर साधारण दहा लाख डॉलर उभे केले ते वीसेक लोकांकडून, प्रत्येकी सुमारे ५०,००० असे, आणि त्यासाठी भेटलेल्यांपैकी बहुतेकांनी नकार दिल्याचं बेझोस यांनी स्वतःच सांगितलं आहे. नव्या कंपन्यांत जोखमीचा पैसा घालणारा मोठा फंड, म्हणजे व्हेंचर कॅपिटल, आला तो १९९६ मध्ये: क्लाइनर पर्किन्स, ८० लाख डॉलर. म्हणजे त्या गाळलेल्या भागात जवळपास दोन वर्षं आहेत, घरच्यांची पुंजी आहे आणि कितीतरी नकार आहेत. ज्यांच्या घरी एवढी पुंजी नसते त्यांच्या कंपन्यांचं काय झालं, हे अर्थात कुठल्याच एस-१ मध्ये नसतं.

पण मला जास्त गुंतवून ठेवलं ते हिशेबाने. १९९५ मधली विक्री ५ लाख ११ हजार डॉलर, १९९६ मधली १ कोटी ५७ लाख, आणि तरीही १९९६ चा तोटा ५८ लाखांच्या घरात. त्यावर जोखमींच्या यादीत सरळ लिहिलेलं आहे की पुढेही मोठा तोटा होतच राहणार. असं लिहून १५ मे १९९७ रोजी १८ डॉलरला शेअर विकला गेला. हे शक्य झालं, कारण पैशाचं चक्र त्यांच्या बाजूने फिरत होतं. ग्राहकाच्या कार्डावरचे पैसे लगेच जमा व्हायचे, वितरकाचं बिल कित्येक आठवड्यांनी चुकतं करायचं. ॲमेझॉन तेव्हा पुस्तकंच विकायचं, आणि त्यांचा साठा तर जवळजवळ नव्हताच. ऑर्डर आली की इन्ग्रॅमसारख्या वितरकाकडून मागवायचं. सिॲटल परिसर निवडला त्यामागेही इन्ग्रॅमचं ऑरेगनमधलं गोदाम जवळ असणं हे एक कारण होतं. दुसरं विक्रीकराचं. ज्या राज्यात कंपनीचं अस्तित्व आहे तिथल्याच ग्राहकांकडून तेव्हा कर वसूल करावा लागे, म्हणून कमी लोकवस्तीचं राज्य सोयीचं. गॅरेजचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण गॅरेज त्या गावात का होतं हे कोणी विचारत नाही. (वितरकांची एका वेळी किमान दहा पुस्तकांची अट असायची. हवं ते एक मागवायचं आणि उरलेल्या नऊंच्या जागी मागणीत दगडफुलावरच्या अशा एका पुस्तकाचं नाव टाकायचं, जे कधीच उपलब्ध नसायचं. हा किस्सा बेझोस अनेकदा सांगतात, आणि मला तो गॅरेजपेक्षा कितीतरी जास्त शिकवून गेला.)

गूगलचे कागद वाचताना दोन गोष्टी समोरासमोर ठेवल्या. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांचा १९९८ चा शोधनिबंध आणि २९ एप्रिल २००४ चा एस-१. शोधनिबंधात ते म्हणतात की जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल. एस-१ मध्ये उत्पन्नाचा बहुतेक सगळा भाग जाहिरातींचा. यावर तोंडसुख घेणं सोपं आहे. पण मधल्या सहा वर्षांत विद्यापीठातल्या प्रकल्पाचं वीज, सर्व्हर आणि पगार यांवर चालणाऱ्या कंपनीत रूपांतर झालं होतं, आणि खर्च भागवायची दुसरी वाट तेवढी मोठी निघाली नव्हती. त्याच शोधनिबंधाच्या शेवटी आभार आहेत ते नॅशनल सायन्स फाउंडेशन, डार्पा आणि नासा या अमेरिकी सरकारी संस्थांचे. पेजरँक, म्हणजे पानांचं महत्त्व मोजून त्यांचा क्रम लावायची गूगलची पद्धत, तिचं पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मालकीचं, कंपनीकडे फक्त परवाना, तोही २०११ पर्यंतच एकट्याचा. हा परवाना एस-१ मध्ये नोंदवलेला आहे. अँडी बेक्टोलशाइम या उद्योजकाने कंपनीची नोंदणी व्हायच्या आधीच तिच्या नावाने लिहिलेला एक लाख डॉलरचा चेक सगळ्यांना ठाऊक असतो. विद्यापीठाशी केलेला करार मात्र कोणी आठवत नाही.

इथे एक सावधगिरी. पहिला मसुदा वाचून थांबू नये. नियामक शंका विचारतो आणि कंपनी सुधारित मसुदे देत जाते, त्यांना एस-१/ए म्हणतात. गूगलच्या पहिल्या मसुद्यात २००३ चं उत्पन्न ९६ कोटी १९ लाख डॉलर आहे, नंतरच्या मसुद्यात १४६ कोटी ५९ लाख. चोरी वगैरे काही नाही. भागीदार वेबसाइटना द्यायचा वाटा वजा करून आकडा दाखवायचा की न करता, एवढाच फरक. पण नफ्याचं प्रमाण काढायला बसलात तर डोकं गरगरतं. आधी १०८ ते १३५ डॉलर असा सांगितलेला भाव अखेर ८५ वर आला, हेही त्या मसुद्यांमधूनच उलगडत जातं. गंमत म्हणजे संस्थापकांनी मौनाच्या काळाच्या (शेअर विक्रीआधी कंपनीने जाहीर बोलणं टाळायचा काळ) आसपास प्लेबॉय मासिकाला मुलाखत दिली आणि मग ती मुलाखतच्या मुलाखत दस्ताला जोडावी लागली. आणि पहिल्या मसुद्यात उभारायची रक्कम होती २,७१,८२,८१,८२८ डॉलर. गणितातल्या 'ई' या स्थिरांकाचे आकडे! वकिलांच्या पहाऱ्यातूनही पोरांनी खोडी काढलीच.

दंतकथा कशा रचल्या जातात याचा नमुना ईबे या लिलावाच्या साइटचा. पिएर ओमिद्यार यांनी आपल्या वाग्दत्त वधूला पेझ गोळ्यांच्या डब्या गोळा करता याव्यात म्हणून साइट काढली, असं वर्षानुवर्षं छापून आलं. ती गोष्ट कंपनीच्या जनसंपर्क विभागाने १९९७ मध्ये पत्रकारांसाठी बेतलेली होती. प्रत्यक्षात सप्टेंबर १९९५ मध्ये त्यांनी ऑक्शनवेब हे पान फावल्या वेळात सुरू केलं, तेच पुढे ईबे झालं, आणि वर्दळ वाढल्यावर इंटरनेट सेवा कंपनीने महिन्याचे ३० डॉलर बदलून २५० मागितले. ते भागवायला त्यांनी विक्रेत्यांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली. लोक पाकिटातून चेक आणि सुटी नाणी पाठवू लागले. धंदा आहे हे त्या पाकिटांनी सांगितलं. माझ्या दृष्टीने ही गोष्ट पेझच्या डब्यांपेक्षा सरस आहे, पण मथळ्यात शोभणार नाही हेही खरं.

राउटर, म्हणजे संगणकांची जाळी एकमेकांना जोडणारं यंत्र, बनवणाऱ्या सिस्कोचंही तेच. सँडी लर्नर आणि लेन बोसॅक या जोडप्याला विद्यापीठात एकमेकांना संदेश पाठवता येईनात म्हणून राउटर जन्मला, ही गोड कथा. त्यांच्या राउटरमागचं सॉफ्टवेअर मुळात स्टॅनफर्डमधल्या बिल यीगर यांनी लिहिलेलं होतं, आणि १९८७ मध्ये विद्यापीठाने कंपनीला रीतसर परवाना दिला. त्याच वर्षी सेक्वोया या गुंतवणूक फंडाचे डॉन व्हॅलेंटाइन २५ लाख डॉलर घेऊन आले आणि बदल्यात सुमारे तिसरा हिस्सा व व्यवस्थापन नेमण्याचा अधिकार घेऊन बसले. फेब्रुवारी १९९० मध्ये शेअर बाजारात आला, ऑगस्टमध्ये लर्नर यांना काढून टाकण्यात आलं, आणि बोसॅकही बाहेर पडले. हे वाचल्यावर गूगलच्या संस्थापकांनी लोकांना विकलेल्या शेअरला एकेक आणि स्वतःच्या शेअरला दहा-दहा मतं का ठेवली ते लख्ख कळलं.

तारखा एका कागदावर मांडत गेले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. ॲमेझॉन ग्राहकांसाठी उघडलं जुलै १९९५ मध्ये, नेटस्केप या ब्राउझर कंपनीचा शेअर बाजारात आला ९ ऑगस्टला, ऑक्शनवेब सप्टेंबरमध्ये. हा योगायोग नव्हे. तोपर्यंत अमेरिकेतल्या इंटरनेटचा कणा असलेलं एनएसएफनेट सरकारी पैशावर चालत होतं आणि त्यावर निव्वळ व्यापारी वाहतुकीला मनाई होती. ३० एप्रिल १९९५ रोजी ते बंद करून वाहतूक खासगी जाळ्यांकडे दिली गेली. त्याआधी बरोबर दोन वर्षं, ३० एप्रिल १९९३ ला, सर्न या संशोधन संस्थेने वेबचं तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुलं केलं होतं. त्याच सुमाराला मिनेसोटा विद्यापीठाने वेबसारख्याच आपल्या गोफर या प्रणालीसाठी परवाना शुल्काची भाषा केली आणि लोक तिच्यापासून दुरावले. संस्थापकांची हुशारी मी नाकारत नाही. पण रस्ता आधी बांधलेला होता, आणि तो खुला कधी झाला याची तारीख आहे.

या वाचनातून आम्ही काय केलं ते थोडक्यात. पेजरँक आणि नेटस्केप या दोन प्रकरणांनंतर मी माझा नोकरीचा करार काढून वाचला. नेटस्केपचं मूळ नाव मोझेक कम्युनिकेशन्स होतं. मूळ मोझेक ब्राउझर जिथे लिहिला गेला, त्या इलिनॉय विद्यापीठाने हरकत घेतली आणि नाव बदलून, पैसे मोजून तो वाद मिटवावा लागला. माझ्या करारात, नोकरीत असताना लिहिलेल्या कोडवर कंपनीचा हक्क सांगणारं कलम होतंच. वकिलाच्या सल्ल्याने आम्ही आमच्या उत्पादनाचं वर्णन लिहून दिलं, ना-हरकत पत्र मागितलं आणि ते हातात पडेपर्यंत एक ओळही लिहिली नाही. भागीदाराला हा उशीर जिवावर आला होता. आमच्या दोघांतही करार झाला: शेअर चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणार, पहिल्या वर्षाच्या आत सोडून गेलं तर काहीच नाही. "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" असं त्याने विचारलं. मी त्याला सिस्कोची पानं दिली.

सध्या मी बुडालेल्यांचे दस्त वाचते आहे. पाळीव प्राण्यांचं सामान विकणारी पेट्स डॉट कॉम फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आली आणि नोव्हेंबरमध्ये बंद पडली. किराणा घरपोच देणाऱ्या वेबव्हॅनने १९९९ मध्ये गोदामं बांधायचं एक अब्ज डॉलरचं कंत्राट केलं आणि जुलै २००१ मध्ये दिवाळखोरी पत्करली. तोटा होतच राहणार, हे वाक्य त्यांच्याही दस्तात जवळपास ॲमेझॉनच्याच शब्दांत आहे, त्यामुळे जोखमींची यादी वाचून जगणारे आणि मरणारे वेगळे काढता येत नाहीत. पैसा आधी आत येतो की आधी बाहेर जातो, हे पाहिलं की थोडा अंदाज येतो. त्यावरून आम्ही आमच्या ग्राहकांना वर्षाचं शुल्क आगाऊ मागायचं ठरवलं. बहुतेकांनी कुरकुर न करता मान्य केलं. त्यातल्या सर्वांत मोठ्याला ते पटलेलं नाही, त्याला काम झाल्यावर तीन महिन्यांनी पैसे द्यायचे आहेत. बोलणी चालू आहेत.