चौथा करार

हरमल, गोवा, ३० सप्टेंबर २०२५

आज काकींनी आणि मी भाडेकरारावर चौथ्यांदा सह्या केल्या. करार अकरा महिन्यांचा. वर्षाच्या वर गेला की नोंदणी लागते, म्हणून सगळेच अकरावर थांबतात. पहिला जानेवारी २०२३मधला, मोपाचा विमानतळ सुरू झाला त्याच महिन्यातला. दर वेळी महिनाभर अलीकडे सरकत तो आता ऐन हंगामाच्या तोंडाशी आलाय. उद्यापासून हीच खोली रोजावर दिली, तर माझं महिन्याचं भाडं काकींना आठवड्यात सुटेल. त्यांना हे माझ्याहून नीट ठाऊक आहे. तरी पाचशेच वाढवले.

संध्याकाळी पुळणीवर गेले. पावसाने वाळू ओढून नेलीय. मेमध्ये जिथे लाट उभी राहायची तिथे नुसतं घुसळलेलं पाणी. आता वाळू परत येईल, पाण्याखाली नवे उंचवटे धरतील, मग लाट कुठे फुटते ते पुन्हा शोधायचं. दर वर्षी हेच, आणि दर वर्षी मला ते हवंहवंसं वाटतं.

जून ते सप्टेंबर सर्फिंगचा बोर्ड भिंतीला टेकून असतो. किनाऱ्यावर लाल बावटे, शॅक मोडून ठेवलेले, जून-जुलैत ट्रॉलरही बंद. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी, वीज गेली की कामाचा कॉल अर्ध्यावर. त्या दिवसांत काकींच्या चुलीपाशी बसून सुका बांगडा आणि पेज खाल्ली. गाव मला कळलं ते तिथे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. काकींची भाची इथल्या शाळेत शिकवते आणि राहते म्हापशाला. गावात तिला परवडेल अशी खोलीच नाही. पुण्याच्या पगारावर भाडं देणाऱ्या आम्हा लोकांमुळेच दर इथवर चढले. सही करताना तीच डोळ्यांसमोर होती. काकींना तसं बोललेही. त्या म्हणाल्या, "बाय, तिची खोली मी बघते. मागची पडवी बांधून घेऊया." वाढवलेले पाचशे त्यासाठीच होते.

उद्या खंडेनवमी. कोयता, विळी, काकांचं जुनं वल्हं पूजेला मांडायचं आहे. जाता जाता काकी म्हणाल्या, तुझी ती फळीपण आण.

बोर्डावरचं जुनं मेण आत्ता खरवडून काढलं.