फादरांची शेवटची ओळ

"आमच्या गावच्या चर्चच्या फादरांची बदली झाली," मैत्रिणीनं फोनवर सांगितलं आणि पुढे तिला बोलताच येईना. आधी मला वाटलं, घरात कुणी गेलं की काय. आम्ही दोघी नाशिकला एकाच शाळेत शिकवतो. मे महिन्याच्या सुट्टीत ती वसईला माहेरी गेली होती. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय, त्याची गडबड चालू होती. "तू ये," ती म्हणाली. "शनिवारी त्यांचा निरोप समारंभ आहे. तुझा किल्लाही बघून होईल."

किल्ल्याचं मला लहानपणापासून वेड आहे. आमच्या गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर जी प्रचंड घंटा टांगलेली आहे, ती वसईच्या मोहिमेतली. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये वसई जिंकली तेव्हा चर्चच्या मनोऱ्यांवरच्या घंटा मराठ्यांनी हत्तींवरून आणल्या, असं आजोबा सांगायचे. कुणाचा आवाज मोठा असला की आमच्याकडे अजूनही "नारोशंकराची घंटा" म्हणतात. ती घंटा मुळात जिथे वाजत होती ती जागा बघायची होती. म्हणून पंचवटीनं दादर आणि तिथून विरार लोकल.

गर्दी उलट्या दिशेची, त्यामुळे बसायला मिळालं. समोर लाल लुगड्यातल्या दोन आजी रिकाम्या टोपल्या पायाशी घेऊन बसल्या होत्या. पहाटे दादरला फुलं विकून परत निघालेल्या. टोपलीच्या तळाशी सोनचाफ्याच्या चारदोन पाकळ्या चिकटलेल्या होत्या, डब्यात तोच वास. त्या आपसांत कुपारीत बोलत होत्या. मराठीच ती, पण मला निम्मीच कळली. स्टेशनबाहेर मात्र तीन रिक्षावाल्यांनी "तिकडे नाही जाणार" म्हणून तोंड फिरवलं. रस्त्यात अर्धा तास सात-सात मजली इमारती आणि पाण्याचे टँकर, आणि मग एका वळणावर एकदम केळीच्या बागा, विहिरी, आंब्याखालची कौलारू घरं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते तिथल्या माणसांचं खासगी दुःख आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं, समुद्राजवळचं एक गाव, एवढं पुरे.

त्या घरात माझं जे झालं त्याला पाहुणचार म्हणणंही कमी पडेल. चहा, मग सुकेळी म्हणजे सुकवलेली केळी, मग जेवण, आणि "काहीच खाल्लं नाहीस" हे प्रत्येक वेळी. मैत्रिणीची आजी शहाऐंशी वर्षांची. रात्री अंगणात बसून तिनं तिच्या लहानपणीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सांगितली: सगळी लॅटिनमध्ये, आणि फादर लोकांकडे पाठ करून वेदीसमोर उभे. "आम्ही आपली गप माळ ओढायचो. कळायचं काही नाही," ती म्हणाली. १९६२ ते १९६५मध्ये रोमला जगभरचे बिशप जमले, त्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली. पहिल्यांदा वेदीवरून मराठी ऐकली तेव्हा, आजीच्या शब्दांत, "देव आपल्या वाडीत आला." हे सांगताना तिनं हातानं अंगणाकडे असं काही दाखवलं की जणू तो आत्ताच फाटकातून शिरतोय.

शुक्रवारी किल्ला. भिंती उभ्या, छप्पर कुठेच नाही, आत पिंपळ-वड माजलेले. फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चची फरशी म्हणजे थडग्यांचे दगड, त्यांवर पोर्तुगीज नावं कोरलेली. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेल्या एका चमूनं दिव्याचा स्टँड नेमका अशा एका दगडावर रोवला होता आणि नवरी मुलगी शेजारच्या दगडावर चपला ठेवून उभी होती. मी जाऊन सांगितलं की खाली माणसं पुरली आहेत. "इतक्या जुन्या गोष्टी, मॅडम," असं उत्तर मिळालं. माझा दिवस तिथेच नासला. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेले आणि १८६२मध्ये संत ठरले. भारतात जन्मलेले पहिले संत ते. त्यांच्या गावात मेलेल्या माणसाच्या नावाला एवढीही किंमत नसावी? परतताना पापडीचं मोठं चर्च बाहेरून बघितलं. वसई धर्मप्रांताचं ते मुख्य मंदिर, बिशपांचं आसन तिथे.

संध्याकाळी आम्ही गावच्या चर्चच्या ऑफिसात गेलो. बहिणीच्या लग्नासाठी बाप्तिस्म्याचा नवा दाखला हवा होता. जुना घरात आहे, पण तो चालत नाही. सहा महिन्यांच्या आतला लागतो. का, ते मला तिथे कळलं.

फादर पन्नाशीच्या पुढचे, अंगात साधा शर्ट, टेबलावर पुस्तकांची खोकी अर्धी बांधलेली. त्यांनी कपाटातून एक लांबट, कापडी पाठीची वही काढली, पान न शोधताच बरोबर जागी उघडली आणि आमच्याकडे वळवली. एका माणसाला एक ओळ. नाव, जन्मतारीख, आईवडील, धर्मपिता-धर्ममाता, फादरांची सही. आणि उजवीकडे कोरा समास. "तो समास महत्त्वाचा," फादर म्हणाले. "पुढे मूल मोठं झाल्यावर दृढीकरणाचा संस्कार झाला की तिथे लिहायचं. लग्न जगात कुठेही होऊ दे, त्या चर्चनं इथे कळवायचं आणि आम्ही याच ओळीसमोर लिहायचं." म्हणून दाखला ताजा लागतो. समास कोरा आहे की नाही ते त्यावरून दिसतं.

बहिणीच्या ओळीत दृढीकरणाची तारीख होती, पुढे रिकामं. मैत्रिणीनं मग स्वतःचं पान मागितलं. तिच्या ओळीसमोर बारीक अक्षरात तिच्या लग्नाची तारीख आणि नाशिकच्या चर्चची नोंद होती. ती कितीतरी वेळ तिकडे बघत राहिली. नाशिकला घर करून तिला बारा वर्षं झाली, आणि इथे या कपाटात तिची ओळ चालूच होती. तिच्या पणजोबांची वहीही फादरांनी दाखवली, पोर्तुगीजमधली. मला एक अक्षर लागलं नाही, पण आडनाव ओळखता आलं.

मी विचारलं, किती वर्षं होतात इथे? "सहा." आणि आता? जव्हारच्या बाजूला, आदिवासी पाड्यांमध्ये. वसईचा धर्मप्रांत या बागायतीपुरता नाही, तो तलासरी-मोखाड्यापर्यंत पसरलाय. मी न राहवून म्हणाले, तुम्हाला विचारलं तरी का? त्यावर ते उठून माझ्यासमोर आले आणि दोन्ही हात जोडून पुढे धरले. "दीक्षेच्या दिवशी असे हात बिशपांच्या हातात द्यायचे असतात. ते विचारतात, माझ्या आणि माझ्यानंतर येणाऱ्यांच्या आज्ञेत राहशील? आपण हो म्हणतो." त्यांची दीक्षा झाली तेव्हा वसईचा धर्मप्रांतच नव्हता, सगळं मुंबईत होतं. २२ मे १९९८ला वसई वेगळी झाली. मग थॉमस डाबरे बिशप, ते पुण्याला गेल्यावर २००९पासून आर्चबिशप फेलिक्स मच्याडो, आणि २०२४मध्ये थॉमस डिसोजा. "येणाऱ्यांच्या म्हणालो होतो ना," फादर म्हणाले, "ते येत राहिले." इतक्यात कुणीतरी धापा टाकत बोलवायला आलं. पानवेलीवाल्या एका म्हाताऱ्या बाबांना श्वास लागला होता. फादरांनी कपाटातून तेलाची लहान कुपी घेतली. "दाखला उद्या न्या," म्हणाले, आणि सायकलवरून गेलेही.

रात्री जेवताना मी मैत्रिणीच्या वडिलांशी वाद घातला. माझं म्हणणं साधं होतं. या माणसाला प्रत्येक घरातलं आजारपण माहीत आहे. पाणी उपसून विहिरी खाऱ्या होताहेत म्हणून टँकरविरुद्ध गाव उठलं तेव्हा हे सगळ्यांत पुढे उभे होते. अशा माणसाला एका पत्रानं उचलायचं आणि गावाला विचारायचंही नाही? काका शांतपणे भात कालवत होते. "विचारलं असतं तर आम्ही सोडलं नसतं. मग जव्हारला कोण गेलं असतं?" थोड्या वेळानं म्हणाले, "आणि पोरी, फादर वीस वर्षं एका जागी राहिला तर चर्च त्याचं होतं. ते आमचं राहायला हवं." फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची गोष्ट त्यांनी सांगितली. हरित वसईसाठी गावोगाव फिरलेले, पुढे २०२०मध्ये साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले. "ते एका गावाचे राहिले असते तर वसईचे झाले असते का?" मला उत्तर सुचलं नाही. पण मला अजूनही वाटतं, विचारायला हवं होतं. निर्णय बिशपांचाच असू दे, पण आधी येऊन ऐकून तरी घ्यावं.

पहाटे घंटा वाजली. रोजची प्रार्थनेची नव्हे. एक ठोका, मग बराच थांबून दुसरा. आजी अंथरुणात उठून बसली आणि तिनं क्रुसाची खूण केली. पानवेलीवाले बाबा गेले होते.

निरोप समारंभ त्याच संध्याकाळी सातला होता. मैदानात मांडव पडला होता, तीनशे माणसांचं जेवण सांगून झालं होतं, ब्रास बँड ठरला होता. पॅरिश कौन्सिलची माणसं सकाळी फादरांच्या ओसरीवर जमली. समारंभ पुढे ढकलावा तर रविवारी नवे फादर रुजू होणार. फादरांनी दोन वाक्यांत संपवलं: जेवण होऊ द्या, माणसं लांबून येतील. हार, बँड, भाषणं काही नको.

चार वाजता मिस्सा झाली. चर्च भरून बाहेर माणसं उन्हात उभी होती. मी मागच्या बाकावर होते. सहा वर्षांचा हिशेब लोक त्या एका प्रवचनात ऐकायला आले होते, पण फादर स्वतःबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. बोलले ते बाबांबद्दल. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना घरी जाऊन कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, देतात. बाबा त्या दिवशी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून खाटेवर बसून राहायचे आणि फादर निघताना पानांची एक जुडी हातात द्यायचे. "मी पान खात नाही हे त्यांना माहीत होतं. वेल माझी आहे तोवर रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणायचे." मग दफनभूमीत प्रत्येकानं मूठभर माती टाकली. मीही टाकली.

सहाच्या सुमारास आम्ही दाखला घ्यायला ऑफिसात गेलो. दार उघडं होतं. फादर पाठमोरे बसून लिहीत होते. या वेळी वही दुसरी, मृत्यूची. आम्ही उंबऱ्यातच थांबलो. तारीख, नाव, वय, पत्नीचं नाव त्यांनी भरलं. पुढे एक रकाना असतो: शेवटचे संस्कार मिळाले का. तिथे पेन थांबलं. आदल्या रात्री ते तेल त्यांनीच लावलं होतं. "होय" एवढं लिहून त्यांनी पुढच्या रकान्यात सही केली आणि शाई वाळेपर्यंत तळहात पानाच्या कडेवर ठेवून बसून राहिले. त्या ओळीखाली पान कोरं होतं. वर, मागच्या पानावर, त्याच्याही मागे, सगळीकडे त्यांचीच सही.

मैत्रिणीनं माझा हात धरला आणि आम्ही मागे फिरलो. दाखला मागायचा तिला धीर झाला नाही. मला तर तिथे उभं राहिल्याचाच संकोच वाटत होता.

जेवण झालं. सुकं मटण, सांदणं, लहान मुलांची पळापळ. बँडवाली मुलं वाद्यं न आणता आली आणि पंगतीत वाढायला लागली. रविवारी मिस्सेत बिशपांच्या प्रतिनिधीनं नेमणुकीचं पत्र वाचलं, नव्या फादरांनी आपल्या श्रद्धेची कबुली म्हटली, किल्ल्या घेतल्या. दुपारी जुने फादर एका जीपमध्ये बसून गेले. पुस्तकांची चार खोकी, एक बॅग, आणि आजीनं दिलेली सुकेळ्यांची पुडी मांडीवर. चौकापर्यंत लोक चालत गेले. माझी मैत्रीण गेली नाही, ती स्वयंपाकघरात भांडी घासत राहिली.

सोमवारी सकाळी माझी परतीची गाडी होती, त्याआधी आम्ही दाखला आणायला गेलो. नवे फादर तरुण होते, टेबल रिकामं, कपाटाची किल्ली कुलपात नीट बसत नव्हती. त्यांनी मैत्रिणीला बसायला सांगितलं, बहिणीचं नाव विचारलं, वडिलांचं विचारलं. ते नाव वहीत तीन ठिकाणी निघालं.

"कुठली वाडी?" त्यांनी विचारलं.

मैत्रिणीनं सांगितली. चर्चवरून गेलं की विहिरीपाशी डावीकडे, आंब्याचं घर, आजी अंथरुणाला नाही पण आता मिस्सेला येववत नाही. फादरांनी आधी दाखला लिहिला, शिक्का मारला. मग एक छोटी डायरी काढून वाडीचं नाव लिहिलं, विहीर लिहिली, आणि विचारलं, "आजींना पहिल्या शुक्रवारी किती वाजता आलेलं चालेल?"