पॅरी साहेब

२५ नोव्हेंबर, रात्र

संध्याकाळी मुद्दाम माटुंग्याला उतरले. स्टेशनबाहेरच्या फुलवालीने "देवाला की केसांत?" म्हणून विचारलं. मला पटकन उत्तर सुचेना. गजरा पानात बांधता बांधता ती मागे अभ्यासाला बसलेल्या लेकावर तमिळमध्ये ओरडली. "करतोय गं," तो वर न बघता मराठीत म्हणाला.

मेजर रामास्वामी परमेश्वरनही असेच दोन भाषांत वाढले असतील. तमिळ घर, १९४६ चा मुंबईतला जन्म. शाळा-कॉलेज साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटीचं. १९७२ साली सैन्यात अधिकारी झाले आणि महार रेजिमेंटमध्ये गेले. जवान त्यांना 'पॅरी साहेब' म्हणत. माझे बाबा त्यांच्या पलटणीत नव्हते, पण रेजिमेंट तीच. आजच्या रात्री बाबा जेवत नसत.

१९८७ साली त्यांची पलटण, ८ महार, भारतीय शांतिसेनेतून श्रीलंकेला गेली. शांतता राखायला गेलेल्या आपल्या पोरांना ऑक्टोबरपासून एलटीटीईशीच, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या तिथल्या तमिळ बंडखोरांशीच, लढावं लागलं. २५ नोव्हेंबरच्या रात्री शोधमोहिमेवरून परतणाऱ्या परमेश्वरन यांच्या तुकडीवर दबा धरून बसलेल्यांनी गोळीबार केला. ते डगमगले नाहीत. वळसा घालून त्यांनी पाठीमागून हल्लेखोरांना गाठलं. हातघाईत एकाने त्यांच्या छातीत गोळी घातली. त्याचीच रायफल हिसकावून त्यांनी त्याला तिथेच लोळवलं आणि शेवटपर्यंत जवानांना हुकूम देत राहिले. वय ४१. शांतिसेनेतलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं, तेही मरणोत्तर.

मला दरवर्षी एकच गोष्ट छळते. समोरून अंधारात जे ओरडणं ऐकू येत असेल, ते त्यांच्या आईच्या भाषेतलं. आपल्या बहुतेक जवानांना त्यातलं अक्षर कळत नसेल. त्यांना मात्र शब्द न शब्द कळत असणार. ज्यांच्या हातून मरण आलं, त्यांच्याशी एरवी ते घरच्यासारखं बोलू शकले असते. बाबांशी हे कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

श्रीलंकेत आपले जवळपास बाराशे जण गेले. उरलेले १९९० च्या मार्चमध्ये मद्रास बंदरात उतरले, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. हे बाबांनी एकदाच सांगितलं होतं, आणि सांगून उठून गेले होते. कोलंबोजवळ श्रीलंकेने आपल्या त्या जवानांची नावं दगडात कोरून स्मारक उभारलंय. आपल्याला दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक उभारायला २०१९ उजाडलं.

उद्या २६ तारीख. शहरभर मेणबत्त्या लागतील, मीही लावीन. पण आजचा दिवस त्या सावलीत दरवर्षी मुकाट्याने जातो, याचं वाईट वाटतं.

पेपरातला त्यांचा फोटो बाबांनी कापून ठेवला होता, तो मी याच वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलाय. गजरा त्यावर ठेवलाय. फुलांवर पाणी मारलेलं होतं, पहिली दोन पानं ओली झालीत.