छोटा शिग्रीवर काठ्या वाचायला

हिमनदी किती मागे हटली, असं सगळे विचारतात. ती किती बारीक झाली हे विचारायला हवं, कारण मुख, म्हणजे हिमनदीचं खालचं टोक, जागच्या जागी असतानाही वरचा बर्फ मीटर-मीटरने खचत असू शकतो.

हिमाचलच्या लाहौलमधल्या छोटा शिग्री हिमनदीवर आम्ही पोहोचलो ते सप्टेंबरच्या अखेरीस. वितळणं थांबत आलेलं आणि नवं हिम अजून न पडलेलं, असे हे मोजके दिवस. उशीर झाला तर ताज्या हिमाखाली जुना पृष्ठभाग हरवतो. चंद्रा नदी ओलांडून मोरेनच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगाच्या, डळमळत्या दगडांतून चढलं की मुख लागतं, साधारण 4,050 मीटरवर. तिथून सुमारे 9 किलोमीटर बर्फ वर चढत जातो. 2002पासून इथल्या बर्फाची जमा-नावे दरवर्षी मांडली जाते.

साधन म्हणजे बांबू. वाफेच्या ड्रिलने 10 मीटरपर्यंत भोक पाडायचं आणि दोन-दोन मीटरचे तुकडे तारेने जोडून आत सोडायचे. धातूची नळी उन्हात तापते, बुडाखालचा बर्फ वितळवत खाली उतरते आणि मग वितळण कमी दिसतं. तुकड्यांवर क्रमांक रंगवलेच पाहिजेत, कारण उघडे पडलेले तुकडे आडवे होतात आणि कोणता कितवा ते कळत नाही.

समजा, गेल्या वर्षी काठी 40 सेंटीमीटर बाहेर होती आणि आज 2.60 मीटर आहे. म्हणजे 2.20 मीटर बर्फ गेला. घनता 900 किलो प्रति घनमीटर धरली तर 1.98 मीटर पाणी. काठीच्या बुडाशी खळगा पडतो, त्यात टेप टेकवायचा नाही. आजूबाजूच्या पृष्ठभागावर फळी आडवी टाकून तिच्या खालच्या कडेपासून मोजायचं. धुळीचा पातळ थर वितळण वाढवतो, दगडांचा जाड थर बर्फाला झाकून धरतो. म्हणून दोन्हीकडे काठ्या लागतात.

वरच्या भागात, जिथे हिम साठतं, खड्डे खणायचे, गेल्या उन्हाळ्याच्या मळकट थरापर्यंत, आणि थरागणिक हिमाचं वजन करायचं. हे काम दमवतं, पण अंदाजाने घनता लिहिली तर वर्षाची जमाच खोटी ठरते.

ज्याच्याशी ताडून बाकीच्या जागा मोजायच्या, तो जीपीएसचा स्थिर रिसीव्हर मूळ खडकावरच बसवावा. मोरेनच्या पोटात बर्फ असू शकतो आणि तो वितळला की संदर्भबिंदूच खचतो.

खाली आल्यावर नकाशांची पाळी. दोन काळांतले उंचीचे नकाशे एकमेकांतून वजा करायचे. त्यांत 15 मीटरचा आडवा फरक राहिला, तर 30 अंशांच्या उतारावर जवळपास 9 मीटरची खोटी घट किंवा वाढ दिसते, समोरासमोरच्या उतारांवर उलट चिन्हाची. म्हणून आधी हिमनदीबाहेरचा खडक तपासावा. तिथे फरक शून्याजवळ यायला हवा. फेब्रुवारी 2000मध्ये अंतराळयानातून (स्पेस शटल) केलेल्या रडार नकाशात आणखी एक खोट आहे. रडार कोरड्या हिमात शिरतं, पृष्ठभाग खरा होता त्याहून खाली दाखवतं, आणि त्यानंतरची घट कमी भासते.

आकारमानाचं वस्तुमान करताना घनमीटरला 850 किलोचा आकडा वापरतात, कारण सगळा बदल घट्ट बर्फाचा नसतो. मग ही बेरीज काठ्यांच्या बेरजेशी ताडून पाहायची. जुळली नाही, तर आम्ही आधी वरचा भाग तपासतो. तिथे भेगा आणि हिमस्खलनामुळे खड्डे थोडेच खणता येतात, आणि त्या थोड्या आकड्यांवर मोठं क्षेत्र तोललेलं असतं.