पाण्याच्या अहवालाआधी उद्भवाभोवतीची जमीन पाहावी

सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न निघाला की सर्वप्रथम प्रयोगशाळेचा अहवाल मागितला जातो. तो आवश्यकच आहे. परंतु १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय जिवाणू (पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण) आढळले नाहीत एवढेच तो सांगतो, आणि तेही नमुना घेतला त्या क्षणापुरते. ही तपासणी पूर्ण होण्यास साधारण एक दिवस लागत असल्याने अहवाल हाती येईपर्यंत ते पाणी बहुधा लोकांनी प्यालेलेही असते. म्हणून उद्भव, म्हणजे पाणी जेथून घेतले जाते ती विहीर, नदी किंवा जलाशय, दूषित होण्याच्या जोखमीचे मूल्यमापन त्याच्या भोवतीच्या जमिनीपासून सुरू व्हावे, असे माझे ठाम मत आहे.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या वॉकर्टन गावात मे २००० मध्ये ई. कोलायच्या घातक प्रकाराने सुमारे २,३०० लोक आजारी पडले आणि ७ जण दगावले. मुसळधार पावसाने जवळच्या शेतातील शेणखताचे जिवाणू एका उथळ विहिरीत उतरले, आणि पाण्यातील उर्वरित क्लोरीनवर (जंतू मारल्यानंतर शिल्लक राहणाऱ्या क्लोरीनवर) सतत लक्ष ठेवणारे उपकरण तेथे नव्हते. मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी बाब वेगळीच आहे: ही विहीर १९७८ मध्ये सुरू झाली तेव्हाच, पृष्ठभागावरील प्रदूषण तिच्यापर्यंत पोहोचू शकते, हे भूजलतज्ज्ञांच्या अहवालात नोंदवलेले होते. चौकशीत त्या शेतकऱ्याला दोष दिला गेला नाही, कारण त्याने खत योग्य पद्धतीनेच टाकले होते. जोखीम माहीत होती, पण तिच्यावर उपाय करण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही.

मूल्यमापनात प्रथम उद्भवाला पाणी कोठून मिळते ते क्षेत्र आखावे लागते. नदी किंवा जलाशय असेल तर पाणलोट क्षेत्र नकाशावर सहज दिसते; भूजलाच्या बाबतीत मात्र पाणी जमिनीखालून कोणत्या दिशेने आणि किती वेगाने येते याचा अंदाज बांधावा लागतो. जर्मनी आणि इंग्लंडमध्ये विहिरीभोवतीचे एक संरक्षित क्षेत्र ठरवताना, पाण्याला तेथून विहिरीपर्यंत पोहोचण्यास ५० दिवस लागतील असा निकष लावतात, कारण तेवढ्या काळात बहुतेक रोगकारक जंतू नष्ट होतात. भेगाळ खडकात पाणी वेगाने वाहत असल्याने ५० दिवसांत कापले जाणारे अंतर फार मोठे निघू शकते. त्यामुळे सर्वत्र ठरावीक मीटरचे वर्तुळ आखणे मला धोकादायक वाटते.

त्यानंतर त्या क्षेत्रातील शौचालये, शोषखड्डे, गोठे, सांडपाण्याचे नाले, इंधनाच्या टाक्या, कचऱ्याचे ढीग आणि खतांचा वापर यांची प्रत्यक्ष फिरून नोंद करावी. विहिरीच्या जोत्याला गेलेली चीर किंवा विंधन विहिरीच्या केसिंगभोवती (आत बसवलेल्या संरक्षक नळाभोवती) साचलेले पाणी नकाशावर कधीच दिसत नाही.

प्रत्येक धोक्याचे स्वरूपही निराळे असते. शेतीतून झिरपणारे नायट्रेट वर्षानुवर्षे हळूहळू वाढते, आणि जागतिक आरोग्य संघटनेची लिटरमागे ५० मिलिग्रॅमची मर्यादा प्रामुख्याने तान्ह्या बाळांचा विचार करून ठरवलेली आहे. आर्सेनिक खडकातूनच येत असेल, तर आजूबाजूला कितीही स्वच्छता राखली तरी ते कमी होत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात सुमारे ४ लाख लोकांना बाधा झाली, तेव्हा कारण ठरलेला क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नव्हता. अशा वेळी गाळणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या गढूळपणावर बारकाईने लक्ष ठेवणे हा महत्त्वाचा आधार असतो.

शक्यता आणि परिणामांची तीव्रता यांना गुण देऊन धोक्यांचा क्रम लावण्याची पद्धत उपयुक्त आहे, मात्र कोरड्या दिवसांतील पाहणीवरून दिलेले गुण अतिवृष्टीच्या दिवशी निरर्थक ठरू शकतात. त्यामुळे पहिल्या जोरदार पावसानंतर लगेच, शुद्धीकरणापूर्वीच्या कच्च्या पाण्याचे नमुने घ्यावेत आणि त्यांच्या निकालांनुसार गुण पुन्हा तपासावेत. केवळ नळाचे पाणी तपासले, तर क्लोरीनमुळे उद्भवाची खरी अवस्था झाकलेलीच राहते.