तुम्ही विचारलंत म्हणून : बाबांचे पैसे पतसंस्थेत का ठेवले?

"मॅडम, तुम्ही तर मंदीचा इतिहास शिकवता, मग बाबांचे पैसे पतसंस्थेत कसे अडकले?" स्टाफरूममध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. उत्तराला थांबत नाहीत. "लोभ, दुसरं काय!"

मीही वर्गात हेच सांगायची. १८६५ ची मुंबई शिकवताना फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'लोभ' लिहायची. अमेरिकेतल्या यादवीनं तिकडचा कापूस अडला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, समुद्र हटवून जमीन करायला निघालेल्या बॅकबे कंपनीचा ५,००० चा शेअर ५०,००० च्या घरात गेला. एप्रिलमध्ये दक्षिणेकडच्या राज्यांचा सेनापती ली शरण आला, युद्ध संपत आलं, कापूस कोसळला आणि १ जुलैला शेअरचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, फेडायला पैसाच नव्हता. पण बँक ऑफ बॉम्बे लोभानं बुडाली म्हणून भागत नाही. तिनं शेअर तारण घेऊन कर्जं वाटली होती. भाव चढला की तारण फुगतं, त्यावर मोठं कर्ज मिळतं, त्याच कर्जाच्या पैशानं भाव आणखी चढतो. लोभ काय, दरवर्षीच असतो. अशी साखळी दरवर्षी जुळत नाही.

आमच्या पतसंस्थेत शेअरच्या जागी प्लॉट होते. नागपूरच्या विमानतळाजवळच्या मिहान या उद्योग प्रकल्पाच्या आशेवर वर्धा रोडलगतच्या शेतांचे लेआउट पडले, त्यांवर कर्जं गेली. ठेवी वर्षा-वर्षाच्या, कर्जं दहा वर्षांची.

मे महिना होता. नागपुरातल्या महाल भागातल्या पतसंस्थेच्या शाखेचं शटर अर्धं खाली. "साहेब येऊन राहिले म्हणते," एक बाई सगळ्यांना सांगत होत्या. लेटरहेडवर दोन ओळी चिकटवल्या होत्या : तांत्रिक कारणास्तव व्यवहार बंद. बाबांनी पासबुक दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून आणलं होतं. दोन वाजेपर्यंत ते उन्हात उभे राहिले. समोरच्या दुकानाच्या सावलीत बसा म्हटलं, तर म्हणाले, "नंबर जाईन." नंबर कोणी देतच नव्हतं. दर वेळी त्यांच्या गुडघ्याची चौकशी करणारा कारकून शटरखालून वाकून निघाला आणि आमच्याकडे न पाहता स्कूटर काढून गेला.

बाबांना पैसे पोस्टात ठेवायचे होते. मी त्यांना इकडे आणलं. व्याज दीड टक्का जास्त होतं. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो, हे मला माहीत होतं. ताळेबंद मागितला असता तर दिसलं असतं. मागितला नाही, कारण कॉलनीतल्या सगळ्यांचेच पैसे तिथे होते. दीड टक्क्याला लोभ म्हणायचं? त्यातून बाबांची महिन्याची औषधं येत होती. आणि तरी, हवा तर तो दीड टक्का मलाच होता.

यंदा १८६५ शिकवताना मी फळ्यावर तो शब्द लिहिला नाही. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मग मॅडम, चूक कोणाची?" मी तारणाची साखळी पुन्हा काढून दाखवली. तिनं ती वहीत उतरवून घेतली आणि पुन्हा माझ्याकडे पाहत राहिली.