आजोबांचा वस्तरा: सात महिने, एक फाटका पट्टा आणि काळा मार्कर

जानेवारीत इथे सोलापुरात गड्ड्याची जत्रा चालू होती तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं: 'धार लागली. आता फक्त हात बसायचा राहिलाय.' आज जूनच्या शेवटच्या आठवड्यात ते वाक्य वाचलं आणि स्वतःचंच हसू आलं. हात पहिल्या महिन्यातच बऱ्यापैकी बसला होता. धारच लागली नव्हती. साडेतीन महिने मी अर्धवट वस्तऱ्याने दाढी करत होतो आणि दोष बिचाऱ्या हनुवटीला देत होतो.

वस्तरा आजोबांचा. ते गिरणीत होते. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत कंदिलाच्या उजेडात दाढी उरकायचे, असं आजी सांगायची. पात्याच्या मागच्या बाजूला 'सोलिंगेन' एवढंच नीट वाचता येतं, बाकीचा ठसा झिजून गेलाय. जर्मनीत १९३८ साली या गावाच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं, दुसरीकडे बनलेल्या पात्यावर ते नाव घालायला तिथे बंदी आहे. आपल्या जुन्या बाजारात मात्र ते कशावरही कोरलेलं मिळतं, त्यामुळे नुसत्या नावाला भुलून पैसे मोजू नका. रुंदी ५/८ इंच, म्हणजे साधारण १६ मिलिमीटर. पातं दोन्ही अंगांनी खोलगट घासलेलं, मूठ काळ्या शिंगाची. पंचवीस-तीस वर्षं ट्रंकेत पडून होता. टाचेजवळ, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या टोकाला, गंजाचे दोन-तीन खड्डे होते, पण धारेपर्यंत पोचले नव्हते. आपली कोरडी हवा इथे कामाला आली. कोकणात राहिला असता तर पात्याची चाळण झाली असती.

डिसेंबर ते मार्च या काळातल्या बावीस दाढ्यांच्या नोंदी वहीत आहेत आणि बहुतेक एकसारख्याच आहेत. गालावर कसंबसं निभतं, हनुवटीशी आलं की वस्तरा अडतो. केस कापल्यासारखे न वाटता ओढल्यासारखे वाटतात. मानेवर लाल पुरळ. शेवटी तुरटी फिरवली की तोंड पेटतं. ही तुरटी म्हणजे आपला परीक्षक. दिसणारं रक्त एखाद-दुसऱ्या ठिकाणी असतं, पण कातडी कुठे कुठे खरवडली गेली ते तुरटीच सांगते. एके दिवशी मी बाथरूममधून फूफू करत बाहेर आलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, एवढं सांडायचंच असेल तर रक्तपेढीत तरी द्या."

मी काय केलं? कोन बदलला. आधी पात्याची पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड, कातडीपासून फार वर उचलत होतो हे खरं होतं. नवशिक्यांची ही हमखास चूक. पातं कातडीशी साधारण तीस अंशांत हवं. १६ मिलिमीटरच्या पात्याला याचा अर्थ पाठ कातडीपासून ८ मिलिमीटर वर, त्याहून जास्त नाही. ते सुधारलं. कातडी ताणायला शिकलो, डावा हात डोक्यावरून घेऊन कानाजवळची कातडी वर ओढायची वगैरे. साबण बदलला. ब्रश बदलला. दाढीआधी ज्यावर वस्तरा परजतात त्या कातडी पट्ट्यावर पन्नासच्या ऐवजी शंभर फेरे. फरक शून्य.

मग बाळीवेशीतल्या एका जुन्या सलूनमध्ये गेलो. तिथले अप्पा सत्तरीच्या पुढचे. आता गिऱ्हाइकाला तेही ब्लेड मोडून अर्धी बसवायचा वस्तराच वापरतात, माणूस बदलला की अर्धी ब्लेड नवी. पण खरा वस्तरा धोपटीत अजून आहे. त्यांनी माझं पातं उजेडाकडे धरलं, मग अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून टाचेपासून टोकापर्यंत सरकवलं. मध्यावर आल्यावर थांबले.

"मालक, ही धार न्हाई, ही नुसती चमक हाय."

"अप्पा, आठ हजारच्या दगडापर्यंत नेलाय."

"दगड आट हजाराचा असू दे न्हाईतर दहा हजाराचा. मधी लागलाच न्हाई त्याला. घरी जाऊन काजळ फासा धारेला, दगडावर दोन हात मारा. कुठं काळं ऱ्हातंय ते बघा."

हा आकडा दगडाच्या बारीकपणाचा, जितका मोठा तितका दगड बारीक. मी आठ हजार रुपयांचा दगड म्हणतोय असं त्यांना वाटलं की काय, देव जाणे. पण घरी आलो आणि काजळाऐवजी मुलीचा काळा परमनंट मार्कर घेतला. धारेच्या दोन्ही उतारांवर, म्हणजे दगडावर घासून कडेला पडणाऱ्या निमुळत्या पट्ट्यांवर, पार टाचेपासून टोकापर्यंत शाई लावली. एक हजारच्या दगडावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन हात मारले आणि घड्याळवाल्याकडून आणलेल्या भिंगातून पाहिलं. टाचेकडची शाई गेली होती, टोकाकडचीही गेली होती. मधले दोन-अडीच सेंटिमीटर कुळकुळीत काळे.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. स्टीलची पट्टी उभी करून दगडावर आडवी ठेवली तर मधून दिव्याचा उजेड आरपार. दगडाला पोट पडलं होतं, कारण त्याच दगडावर मी दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घासत आलोय. सुरीला ते चालून जातं. वस्तऱ्याला नाही, कारण वस्तरा पाठ आणि धार दोन्ही टेकवून आडवा झोपवावा लागतो. दगडाच्या कडा उंच असल्या की पात्याची दोन टोकं टेकतात आणि मधला भाग अधांतरी राहतो. त्यात मी वस्तरा सरळ ढकलत होतो. जाता जाता टाचेकडून टोकाकडे तिरका ओढला असता तर मधल्या भागाला निदान कडेचा तरी स्पर्श झाला असता. मध्यावर उतार पडलाच नव्हता, आणि पुढच्या बारीक दगडांनी त्या बोथट कडेला नुसतं पॉलिश केलं होतं. अप्पांची 'चमक' ती हीच.

इथे थोडं विषयांतर, पण वस्तऱ्याच्या पाठीचं मला फार कौतुक वाटतं. सुरीला धार लावताना कोन हातात धरावा लागतो. वस्तऱ्यात कोन पात्यातच बांधलेला असतो, जाड पाठ हाच त्याचा मार्गदर्शक. माझ्या पात्याची पाठ ४.५ मिलिमीटर जाड, रुंदी १६. हिशोब केला तर धारेचा पूर्ण कोन १६ अंशांच्या जरा वर येतो. पाठीवर इलेक्ट्रिशियनची काळी टेप एक पदर लावली तर दोन्ही बाजूंचे मिळून साधारण ०.३ मिलिमीटर वाढतात आणि कोन अंशभराने वाढतो. एक अंश म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण टेप लावून उतार पाडला आणि पुढच्या वेळी टेप विसरली तर दगड धारेच्या मागेच घासत बसतो, धारेला शिवतच नाही. पाठ झिजू नये म्हणून मी टेप लावतो. वहीच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात लिहून ठेवलंय: टेप, नेहमी.

तर दगड सपाट करणं. खिडकीच्या जाड काचेचा तुकडा घेतला, त्यावर २२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून चिकटवला. दगडावर पेन्सिलने चौकटी आखल्या आणि सगळ्या रेघा जाईपर्यंत घासत बसलो. कडेच्या रेघा लगेच गेल्या, मधल्या जाईनात. चाळीस मिनिटं लागली, चार वेळा रेघा पुन्हा आखाव्या लागल्या. गॅलरीत सगळीकडे राडा. यानंतर मात्र मार्करची शाई एका हातात टाचेपासून टोकापर्यंत साफ. गुढीपाडव्याच्या आधीचा आठवडा होता तो.

पुढचं काम संध्याकाळभराचं. एक हजारवर उतार पाडायचा, आणि मनगटावरचे केस पूर्ण लांबीने, प्रत्येक ठिकाणी, सारखेच उडेपर्यंत तिथून हलायचं नाही. इथे घाई केली तर वरचे दगड काहीच करू शकत नाहीत. मग तीन हजार, आठ हजार, बारा हजार. प्रत्येक दगडावर मागच्या दगडाचे ओरखडे भिंगातून दिसेनासे झाले की पुढे. दाब? पात्याचं स्वतःचं वजन, बस्स. शेवटच्या दगडावर तर एक बोट पाठीमागे नुसतं टेकलेलं. दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे, हे एकदा अंगात भिनलं की झोपेतही चुकत नाही. मी मात्र जागेपणी चुकलो होतो, त्याचं आता सांगतो.

पट्टा मी विकत आणलेला नाही. चपला करणाऱ्या एका ओळखीच्या काकांकडून बाभळीच्या सालीत कमावलेलं म्हशीचं कातडं घेतलं, तीन इंच रुंद, वीस इंच लांब. कोल्हापुरी चपलेला वापरतात तसलंच. फेब्रुवारीत पट्ट्याच्या शेवटाला वस्तरा पाठीवर उलटवायच्या ऐवजी धारेवर उलटवला आणि चांगला बोटभर चिरा पाडला. चिऱ्याच्या कडा पॉलिश पेपरने घासून चालवतोय. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला तेव्हा हाच पट्टा वाळून पापडासारखा कडक झाला, कडा वर वळल्या. मी शहाण्याने खोबरेल चोपडलं. मग तो इतका तेलकट झाला की वस्तरा नुसता घसरायचा, पकड म्हणून नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर वजन ठेवून तीन दिवस तेल टिपावं लागलं. आता तळहात स्वच्छ धुऊन, पुसून, रोज दोन मिनिटं पट्ट्यावर चोळतो. हाताचा ओलसरपणा त्याला पुरतो. आणि पट्टा खिडकीजवळून काढून आतल्या खोलीत टांगलाय.

कापडाचा पट्टाही हवा, कातड्याच्या आधी वीस-तीस फेऱ्यांसाठी. सोलापुरात राहून कापडाची काय वानवा, म्हणून आधी टॉवेल ताणून पाहिला. साफ चूक. टॉवेलचे फुगीर टाके धारेला मिठी मारल्यासारखे वर येतात आणि धार गोल करून टाकतात. चादरीचा तुकडा जाड, उंचसखल नक्षीचा, तोही बाद. शेवटी सापडली ती खाटेची नवार. घट्ट विणीची, सपाट, सुती. मधल्या मारुतीजवळून दोन हात आणली, साबणाने धुऊन खळ काढली, ओली असतानाच ताणून वाळवली. टॉवेलला बढती देऊन तोंड शेकायच्या कामावर ठेवलाय. गरम पाण्यात पिळून दोन-तीन मिनिटं तोंडावर धरला की केसात पाणी मुरतं आणि वस्तऱ्याला लागणारा जोर सरळ कमी होतो. त्या कामात आपल्या टॉवेलचा हात कुणी धरणार नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात. आमच्या भागात नळ चार दिवसांनी येतो, मधल्या दिवसांत बोअर. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, साय होते. एक वाटी फिल्टरचं पाणी बाजूला घेऊन त्यात फेस केला तर तोच साबण दाट, ओला, चकाकणारा फेस देतो. पातं पुसण्याआधी शेवटचं धुणंही त्याच पाण्याने. नाहीतर उतारावर पांढरट डाग बसतात.

आता एक दुःखद नोंद. हौसेने दुसरा एक वस्तरा घेतला होता, धारेला एक छोटी खाच होती. मला दगडावर ती घालवायचा कंटाळा आला, आणि रस्त्यावर चाक फिरवून सुऱ्यांना धार लावणाऱ्या एका माणसाला दिला. दोन मिनिटांत ठिणग्या उडवून खाच गेली. सोबत धारेवर निळी झाक आली. पोलाद निळं पडलं म्हणजे तिथे उष्णता तीनशे अंशांच्या आसपास गेली, म्हणजे पात्याचं पाणी उतरलं, पोलादाचा कडकपणा गेला. त्या माणसाची चूक नाही, विळीला तो असंच करतो आणि विळीचं काही बिघडत नाही. माझ्या वस्तऱ्याला मात्र नंतर कितीही धार लावली तरी ती एका दाढीपुरतीही टिकेना. तो वस्तरा आता पाकिटं उघडायला ठेवलाय. आमच्या मित्राने विचारलं, "का बे, एवढ्या पैशांत वर्षभराच्या ब्लेडी आल्या नसत्या का?" आल्या असत्या.

आजोबांच्या वस्तऱ्याने पाडव्यापासून एकतीस दाढ्या झाल्या. पहिलीच्या वेळी हनुवटीवर पातं टेकवलं आणि आवाज ऐकून थांबलो. खोलगट पातं नीट कापत असलं की ते वाजतं, तारेसारखं, बारीक. इतके महिने मला फक्त खरखर ऐकू येत होती. पहिली फेरी केसांच्या दिशेने, दुसरी आडवी, उलटी फेरी मी करतच नाही. तुरटी लावली. गार लागली, एवढंच. मे महिन्याच्या शेवटी हनुवटीवर किंचित ओढ जाणवली तेव्हा बारा हजारवर आठ-आठ हात, टेप लावून, आणि पुन्हा जैसे थे.

अप्पांना परवा दाखवून आलो. नखावर सरकवला, काही न बोलता पट्ट्यावर चार हात मारले आणि परत दिला. मग म्हणाले, "टाचेला अजून थोडं बाकी हाय."

भिंगातून पाहिलं, खरंच आहे. त्या गंजाच्या खड्ड्यांच्या खाली, दोन-तीन मिलिमीटर. उद्या पाण्याचा दिवस आहे, सकाळीच दगड घासून घेतो.